कॅनडाले जायची निरवानिरव

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आजपासून वहीत लिहिणं चालू. हौस नाही. ऑनलाइन सेंटरवाली प्रतीक्षा म्हणे, आजी, व्हिसाच्या फॉर्मात घरच्या सगळ्याईचे नावं लागतात, तारखा लागतात, कधी काय केलं ते लिहून ठेवत जा. चौथी पास आहो मी. तेव्हाची चौथी म्हणजे आताची बारावी.

तर नावं. मी चांगुणा रंगराव, मुक्काम साखरखेर्डा. वय आधारवर एकाहत्तर, खरं कोणाले माहीत. मालक वारले त्याले नऊ वर्षं झाले. थोरला हर्षल कॅनडात, कम्प्युटरवर बसतो. त्याची बायको पुष्पांजली, माहेर देऊळगाव राजा, तीही कम्प्युटरवर बसते. धाकटा हरिओम घरी, वावर पाहतो. त्याची बायको रेणुका, ती मले पाहते. म्हणजे मी काय करून राह्यली ते पाहते.

काल हर्षलचा फोन आला. पुष्पांजली जुलैत बाळंत होणार. त्याईचं घर एका खोलीचं, दोन म्हाताऱ्या एकदम मावत नाहीत. म्हणे, आई, तुमचे दोघीचेही अर्ज टाकू. जिचा व्हिसा आधी येईल ती बाळंतपणाले, दुसरी दिवाळीनंतर. दुसरी म्हणजे त्याची सासू, विमलबाई.

मी म्हणलं, मले काही हौस नाही बाबा, पण तुमच्यानं निभत नसंल तर येते.

पासपोर्ट मी मागच्या दिवाळीतच काढून ठेवला. असाच.

६ फेब्रुवारी

विमलबाईचा फोन. लय गोड बोलून राह्यली. म्हणे, इहीनबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं असते. म्हणलं, बाळंतपण होणार माह्या पोराच्या घरी, भाडं भरतो माहा पोरगा, तिथं माहेर कुठून घुसलं? म्हणे, आई असते तिथं माहेर. म्हणलं, मंग पोरीले देऊळगावले आणा अन् करा माहेरचं, कोणी अडवलं? फोन मीच ठेवला.

ठरवलं: एक, महिनाभरात व्हिसा. दोन, विमलबाईशी बोलायचं नाही. तीन, रोज इंग्रजीचे दहा शब्द.

११ फेब्रुवारी

व्हिसाचा फोटो काढला. फोटोवाला म्हणे, आजी, हसू नका, दात दिसू देऊ नका. म्हणलं, असते तर दिसले असते.

इंग्रजी दोन शब्द. वॉटर, मिल्क. हे येतच होते.

१५ फेब्रुवारी, दुपार

हर्षलचा फोन. म्हणे, आई, तुह्या नावावर काय काय आहे त्याचे कागद प्रतीक्षाजवळ दे. सात-बारा, घराचा उतारा, बँकेचं पासबुक.

बाळंतपणाले सात-बारा काऊन लागते? बाळ काय वावरात पेरतात? मालक गेल्यावर चार एकर अन् हे घर माह्या नावावर झालं, तवापासून पुष्पांजलीचा डोळा आहे. ती मागून काहीतरी बोलली, मी ऐकलं. इंग्रजीत बोलली म्हणून समजलं नाही, पण वावराचंच असंल. बोलण्याचा सूर कळते माणसाले.

प्रतीक्षाले विचारलं. ती म्हणे, आजी, हे कागद सगळ्याईलेच लागतात. म्हणलं, हर्षलनं तुले किती देले असं बोलायचे? तिनं तोंड पाडलं. पाडू दे.

हर्षलले म्हणलं, देते. देणार नाही.

२२ फेब्रुवारी

आठ दिवस विचार केला. सुचलं.

माही सासू काशीले निघाली तवा तिनं आधी सगळी निरवानिरव केली. वावर लेकाच्या नावावर, डागिने सुनाईले, गाय भाच्याले. मागं काही ठेवलं नाही. मोकळी होऊन गेली. दीड महिन्यानं परत आली तर गाव पाया पडायले रांगेत. लांब जायचं तर असंच जायचं असते. आताच्या लोकाईले कुठलं माहीत!

अन् व्हिसा म्हणजे तरी काय, सोयरीकच. परका माणूस घरात घ्यायचा म्हणजे ते लोकं चौकशी करतील. पोरगी पाहायले गेल्यावर आपण नाही पाहत, हिच्या मागं काही लचांड आहे का? माह्या मागं काहीच दिसलं नाही की म्हणतील, बाई मोकळी आहे, घ्या लवकर. विमलबाईच्या मागं पाहा किती लचांड. नवरा किसनराव, त्याचा बीपी, टमाट्याचा मळा, दोन म्हशी. तिले कोण घेते?

म्हणून वावर अन् घर हरिओमच्या नावावर करून टाकायचं. पुष्पांजलीच्या तोंडाले कुलूप, अन् मी मोकळी. असं डोकं चौथी पासचंच चालते.

३ मार्च

बक्षीसपत्र झालं. तालुक्याले जाऊन सही करून आली. हरिओमनं तीनदा विचारलं, आई, पक्कं ना? तीनदा विचारलं, पण तिन्ही वेळा पेन हातातच धरून होता. तिथला बाबू म्हणे, आजी, स्वतःसाठी काही ठेवता का? म्हणलं, मी कॅनडाले चालली. त्यानं मान वरही केली नाही. जळतात लोकं.

घरी आल्यावर रेणुकानं पुरणपोळी केली. एवढ्या वर्षात पहिल्यांदा तिचं पुरण मऊ झालं.

१० मार्च

म्हैस विकली. घेणाऱ्यानं भाव पाडला, म्हणे आजी, शिंग वाकडं आहे. म्हणलं, तुले दूध शिंगातून काढायचं आहे का? बहात्तर हजार आले. हरिओम म्हणे, पेरणीले कामी येतील. ठेव म्हणलं. मी आता पैशात जीव ठेवत नाही.

हर्षलनं माह्या खात्यात तीन लाख टाकले. म्हणे, आई, हे फक्त दाखवायले आहेत, हात लावू नको. माह्या खात्यातल्या पैशाले मी हात लावू नको! त्यातले पन्नास हजार काढून सोनाराकडून बाळाचे वाळे, बिंदल्या अन् कमरेची साखळी घेतली. चांदी चांगली वजनदार. विमलबाई नेऊन नेऊन काय नेईल? झबलं.

हर्षलनं विचारलं, आई, कागद देले ना? म्हणलं, देले. कोणाले देले ते त्यानं विचारलं नाही.

१९ मार्च

प्रतीक्षाकडे फॉर्म भरला. चार घंटे. पोरीले शिकवलं बरंच, पण अक्कल कमी.

म्हणे, वावर? म्हणलं, नाही. म्हणे, आजी, तुमचं वावर तर सगळ्या गावाले माहीत आहे. म्हणलं, होतं. म्हणे, घर? म्हणलं, तेही नाही. म्हणे, ढोरं? म्हणलं, विकले. म्हणे, आजी, मंग तुम्ही परत कशासाठी येणार, ते काय लिहू? त्याईले परत येणारा माणूस पाहिजे.

म्हणलं, निघायच्या आधीच परत यायची भाषा करते ती बाई बाळंतपण काय निभावंल? लिही, गरज असंल तितके दिवस राहीन. मागं वाट पाहणारं कोणी नाही, वावर नाही, ढोर नाही, बाई एकदम मोकळी आहे.

म्हणे, आजी, हे उलटं पडंल. हर्षलदादाले विचारू का? म्हणलं, फॉर्म कोणाचा? तुही उमर आहे तितक्या सोयरिकी जमवल्या मी, एकही मोडली नाही. तिनं लिहिलं. लिहिताना दोनदा सुस्कारा सोडला. फीचे पैसे मात्र सुस्कारा न सोडता घेतले.

२ एप्रिल, पुणे

बोटाचे ठसे द्यायले आली. हरिओम संग आला, दिवसभर मोबाईलवर ट्रॅक्टरचे भाव पाहत बसला.

मशीनवर बोटं उमटेनात. तिथली पोरगी म्हणे, आजी, हात धुऊन या. म्हणलं, बाई, कापूस वेचून गेलेल्या रेघा धुतल्यानं परत येतात का? चौथ्या वेळेस उमटल्या.

अन् तिथं कोण? विमलबाई! नवी पैठणी, मांडीवर ही एवढी जाड फाईल. न बोलायचं ठरवलं होतं, पण फाईल पाहून राहवलं नाही. तिनंच उघडून दाखवली. मळ्याचा सात-बारा. घराचा उतारा. डेअरीच्या पावत्या. दोन्ही म्हशीचा फोटो, मधात विमलबाई उभी. अन् डॉक्टरचं पत्र, की किसनरावले बीपी आहे, पत्नीनं जवळ असणं गरजेचं आहे.

मले हसू आवरेना. सगळं लचांड फाईलीत भरून घेऊन आली! बाईनं आपल्या हातानं आपला व्हिसा घालवला. ती म्हणे, इहीनबाई, तुमची फाईल? मी पिशवीतून पासपोर्ट काढून दाखवला. म्हणलं, आम्ही मोकळे लोकं.

कीव आली तिची. तरी हरिओमच्या हातून तिले एक चहा पाजला. माणुसकी सोडू नये.

१८ एप्रिल

डिंकाचे लाडू केले. पाच किलो. रेणुका म्हणे, आत्या, व्हिसा तर येऊ द्या. म्हणलं, तुह्या तोंडात चांगला शब्द कधी आला आहे का?

तिनं माही खाट ओसरीत काढली. म्हणे, आत्या, तुम्ही चालल्याच, म्हणून खोलीत सोयाबीनचं बियाणं ठेवलं. बरं झालं. ओसरीत हवा चांगली लागते. डास आहेत, पण ते कुठं नाहीत?

इंग्रजी आतापर्यंत नऊ शब्द. त्यातला नववा व्हिसा.

५ मे

गल्लीतल्या बाया भेटायले येऊन राह्यल्या. मीच सांगतलं होतं, शेवटी गर्दी होते, आधी येऊन जा. चौदा नारळ जमले. जानरावची बायको अर्धा किलो वड्या देऊन गेली, तिच्या भाच्यासाठी. भाचा अमेरिकेत आहे. म्हणलं, जाता-जाता देईन.

सगळ्या विचारतात, व्हिसा आला का? म्हणलं, आल्यासारखाच आहे.

२१ मे, सकाळी अकरा

प्रतीक्षानं बोलावलं. नकार आला.

तिनं वाचून दाखवलं. म्हणे, आजी, त्याईनं लिहिलं की तुम्ही परत जाल असं आम्हाले वाटत नाही. तुमचं तुमच्या देशात असं काही नाही जे तुम्हाले परत ओढून आणंल. मालमत्ता नाही म्हणे. खात्यातले पैसेही एकदम आलेले दिसतात म्हणे.

म्हणलं, परत वाच. तिनं परत वाचलं. तेच निघालं.

माहं इथं काही नाही! बावन्न वर्षं झाले मले या गावात येऊन. कोणाच्या बांधावर किती बाभळी होत्या ते मी सांगू शकते. अन् तो कोण कुठला खुर्चीत बसून सांगते, माहं इथं काही नाही. त्याचे कोणीतरी कान भरले असतील. देऊळगावहून.

सायंकाळ

हर्षलचा फोन. प्रतीक्षानं त्याले सगळं सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही त्या पोरीच्या. तो म्हणे, आई, तू वावर देऊन टाकलं? मले सांगायचं तरी. म्हणलं, सांगतलं असतं तर तू देऊ देलं असतं का? म्हणे, नाही. म्हणलं, म्हणूनच.

म्हणे, पण काऊन देलं? म्हणलं, तुम्हाले पाहिजे होतं म्हणून. म्हणे, आई, मले चार एकर घेऊन काय इथं बर्फात हरभरा पेरायचा होता? तुह्यासाठीच कागद मागत होतो.

आता म्हणून राह्यला. आता कोणीही म्हणंल.

२४ मे

विमलबाईचा व्हिसा आला. दहा वर्षाचा.

कॅनडावाल्याईले माणसाची पारख नाही. म्हशीचे फोटो पाहून भुलले. मी ठरवलं, या विषयावर बोलायचं नाही. दुपारपर्यंत सात जणीशी बोलणं झालं.

हर्षलनं खात्यात टाकलेले पैसे वापस घेतले. विमलबाईचं तिकीट काढायले. पन्नास हजार कमी का म्हणे. म्हणलं, चांदी झाली.

३० मे

हरिओमले म्हणलं, वावर पुन्हा माह्या नावावर कर. नेहमीसाठी नाही, दाखवण्यापुरतं. परत अर्ज टाकते, अजून जुलैले वेळ आहे. तो म्हणे, आई, पेरणी तोंडावर आहे, पीककर्जाची फाईल बँकेत आहे, आता नाव हलवलं तर सगळं अडकते. पाहू दिवाळीनंतर.

आतून रेणुका म्हणे, आत्या, एकदा निरवलेलं कोणी परत मागते का? काशीवाल्या आजीनं मागतलं होतं का?

माह्या जिभेवर उत्तर होतं. चांगलं तिखट. पण तेवढ्यात जेवायले वाढलं, अन् ताट तिच्या हातात होतं.

८ जून

विमलबाई अन् किसनराव आले. उद्या तिचं विमान. बाळाची चांदी तिच्या हातून पाठवावी लागली, माह्यासंग जायची ती तिच्यासंग चालली. म्हणलं, हे चांगुणाबाईनं देलं असं तिथं सांगा. म्हणे, सांगते ना. सांगणार नाही. बॅग मोजायचा काटा संगच आणला होता. चांदी ठेवली, लाडूचे डबे बाजूले काढले. म्हणे, वजनात बसत नाही इहीनबाई. तिचं लोणचं बसलं. तीन बरण्या.

निघताना पाया पडली. पडू देलं. म्हणे, तुम्ही दिवाळीनंतर याच. म्हणलं, मले कुठं हौस होती? तुमचीच पोरगी हट्ट करत होती, म्हणून मी आपली हो म्हणली. किसनराव हसला. बीपी असलेल्या माणसानं इतकं हसू नये.

११ जुलै

पोरगी झाली. मले कोणाचा फोन नाही. रेणुकानं विमलबाईचं स्टेटस दाखवलं. मांडीवर बाळ, बाळाच्या पायात वाळे. खाली लिहिलं, आजीकडून. कोणत्या आजीकडून ते नाही लिहिलं.

रेणुकाले म्हणलं, मले पहाटेच कळलं होतं. म्हणे, कसं? म्हणलं, आजीले कळते.

संध्याकाळी हर्षलनं व्हिडिओ लावला. म्हणे, आई, घाईगर्दीत सांगायचं राह्यलं. पोरगी डोळे मिटून होती. मी म्हणलं, जागं करा तिले, मले पाहू द्या. विमलबाई म्हणे, नको, आत्ताच झोपली. इतक्या लांबून मी काय करणार? नाक माह्यावर गेलं आहे. कोणीच तसं म्हणलं नाही, मीच म्हणलं.

१६ जुलै

दिवाळीनंतरच्या अर्जासाठी प्रतीक्षाकडे गेली. या वेळेस शेराले सव्वाशेर कागद जोडायचे. म्हणे, आजी, तुमच्या नावावर आता काय काय आहे ते लिहून आणा.

घरी येऊन बसली लिहायले. वावर, हरिओम. घर, हरिओम. गॅस, रेणुका. विजेचं मीटर अजून मालकाच्या नावावर, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावरही माह्याहून जास्त. रेशनकार्डावर पहिलं नाव माहं होतं, ते रेणुकानं मे महिन्यात बदलून घेतलं, मी चालली होती म्हणून. मोबाईलचं सिमही हरिओमच्या आधारवर निघालं. खात्यात अकराशे चाळीस.

प्रतीक्षा म्हणे, हरकत नाही आजी. एक रस्ता आहे. घरच्यांचं पत्र जोडू. की तुमची इथं गरज आहे, तुमच्याशिवाय घर चालत नाही, तुम्ही लवकर परत याव्या अशी घरच्यांची इच्छा आहे. हे तर सोपं आहे. बावन्न वर्षं हे घर माह्यावरच चाललं.

१७ जुलै

सकाळी हरिओमले अन् रेणुकाले समोर बसवलं. म्हणलं, व्हिसासाठी माह्याबद्दल एक पत्र पाहिजे, तुमच्या मनात असंल ते लिहा. काय लिहायचं ते सांगतलं नाही. सांगून लिहिलेलं खरं वाटत नाही, अन् मले खात्री होती.

रेणुकानं लगेच पेन घेतलं. इतक्या झटक्यात तिनं कधी माहं काम केलं नाही. दोन मिनिटात झालं. खाली हरिओमनं सही केली.

घेऊन गेली प्रतीक्षाकडे. तिनं मोठ्यानं वाचलं. आमच्या आत्याबाई कॅनडात कितीही दिवस राहिल्या तरी आमची काहीही हरकत नाही. त्यांची इकडची काळजी करू नये. आम्ही समर्थ आहोत.

मंग तिनं कागदाची घडी घालून माह्या हातात देली. म्हणे, आजी, हे नको जोडू आपण.

म्हणलं, काऊन? अक्षर तर चांगलं आहे.